तहाची बोलणी आणि घरातली लढाई

ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाच्या शिष्टमंडळानं दिल्लीहून ‘जैसे थे’ कराराचा एक मसुदा हैदराबादला आणला. तो बारगळला. २९ नोव्हेंबरला निजामानं ज्या करारावर सही केली तो जवळजवळ तोच मसुदा होता. मधल्या महिनाभरात इतका आटापिटा झाला, पण कलमं जागची फारशी हलली नाहीत. हलली ती माणसं. पंतप्रधान नवाब छतारी गेले, घटनातज्ज्ञ सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद यांनी अंग काढून घेतलं, मीर लायक अली पंतप्रधान झाले. आणि ज्याच्याकडे सरकारातलं कुठलंच पद नव्हतं, असा लातूरचा एक वकील संस्थानाचा खरा कारभारी होऊन बसला.

हे पुस्तक त्या मधल्या महिन्याबद्दल आहे, आणि इतर देशांतल्या, इतर काळांतल्या अशाच महिन्यांबद्दल. दोन बाजू तहाला बसतात तेव्हा आपण टेबलाच्या दोन्ही बाजूंकडे बघतो. कोणी काय मागितलं, कोण किती मागं हटलं, हे मोजतो. पण ज्यांच्या हातात सरकारी नसलेली बंदूक असते, त्यांची खरी लढाई त्या वेळी बहुधा समोरच्याशी चाललेली नसते. ती पाठीमागच्या खोलीत, आपल्याच माणसांशी चाललेली असते. बोलणी सुरू झाली की संघटनेतल्या प्रत्येकाला एक हिशेब छळू लागतो : उद्या तह झाला तर आपण कोण? नेता निदान मंत्री होईल, वकील पुन्हा वकिली करील. ज्याला काल-परवा खांद्यावर बंदूक मिळाली आणि तिच्या जोरावर गावात मान मिळाला, त्याचं काय? तह मोडण्यात ज्याचा फायदा आहे तो माणूस शत्रूच्या गोटात शोधू नये, असं माझं या पुस्तकापुरतं म्हणणं आहे.

२७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट जरा जवळून बघू. त्याआधी दोनच दिवस निजामाच्या कार्यकारी मंडळानं मसुद्यावर मतं घेतली होती. सहा विरुद्ध तीन मतांनी तो मंजूर झाला, निजामानंही मान डोलावली. फक्त सही दुसऱ्या दिवसावर ढकलली. सही ढकलण्याची निजाम मीर उस्मान अलींची ही सवय संस्थानाला फार महागात पडली, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. शिष्टमंडळ २७ तारखेला सकाळी दिल्लीला निघणार होतं. पहाटे तीनच्या सुमारास हजारोंच्या जमावानं छतारी, माँक्टन आणि सुलतान अहमद या तिघांच्या घरांना वेढा घातला. मागणी एकच : शिष्टमंडळ दिल्लीला जाता कामा नये. पोलीस असून नसल्यासारखे होते. शेवटी लष्कराच्या मदतीनं या मंडळींना सुरक्षित जागी हलवावं लागलं. ज्या राज्याचा पंतप्रधान स्वतःच्या राजधानीत स्वतःच्या घरातून बाहेर पडू शकत नाही, ते राज्य कोणाच्या ताब्यात आहे हे त्या पहाटे ठरून गेलं.

जमाव इत्तेहादुल मुसलमीनचा होता. त्याच संघटनेच्या स्वयंसेवकांना आपण रझाकार म्हणतो. दुसऱ्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष कासीम रझवी निजामासमोर उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद असा, की हिंदुस्थान सरकार काश्मिरात गुंतलंय, घाई कशाला, आता याहून चांगल्या अटी पदरात पडतील. तारखा पाहिल्या तर हा युक्तिवाद अगदीच वेडगळ वाटत नाही : वेढा पडला त्याच दिवशी हिंदी फौजेचं पहिलं विमान श्रीनगरला उतरलं होतं. नवं शिष्टमंडळ नेमलं गेलं. मोईन नवाज जंग, पिंगळे वेंकटराम रेड्डी आणि इत्तेहादचे अब्दुर रहीम दिल्लीला गेले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की मसुद्यात फेरफार होणार नाही. महिन्याभरानं तोच कागद पुढे आला आणि त्यावर सही झाली. या वेळी कोणाच्या घराला वेढा पडला नाही. म्हणजे आक्षेप करारावर नव्हता, करार कोण आणतंय यावर होता. छतारींनी आणला तर तो विश्वासघात. इत्तेहादच्या माणसांनी आणला तर तो मुत्सद्दीपणा.

हे समजून घ्यायचं तर इत्तेहादच्या घरात डोकवावं लागतं. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या संघटनेला खरा आवाज दिला तो नवाब बहादूर यार जंग यांनी. १९३८ पासून ते अध्यक्ष होते आणि उर्दूतले अव्वल दर्जाचे वक्ते होते. राज्याची मालकी एकट्या निजामाची नाही, ती इथल्या मुसलमान समाजाची आहे आणि निजाम तिचं प्रतीक आहे, हा विचार त्यांचा. ऐकायला राजनिष्ठ, पण त्यात राजाला खाली खेचायची दोरी होती. निजामाला ते कळत होतं. दोघांचं बिनसलं तेव्हा बहादूर यार जंग यांनी जहागीर आणि किताब सोडले. २५ जून १९४४ रोजी ते अचानक वारले. विषप्रयोगाची कुजबुज हैदराबादेत पुढे कित्येक वर्षं टिकली. त्यांच्यामागे अध्यक्षाच्या खुर्चीसाठी ओढाताण सुरू झाली आणि तिचा रोख एकाच दिशेनं होता : जो सरकारशी समजुतीनं बोलायला तयार, तो मवाळ ठरवून बाजूला.

त्या ओढाताणीतून रझवी वर आले. अलिगढचे पदवीधर, लातूरला वकिली करणारे; हैदराबादच्या जुन्या उमराव घराण्यांपैकी नव्हेत. आपली मालमत्ता त्यांनी संघटनेला देऊन टाकली, आणि कार्यकर्त्यांच्या नजरेत या एका गोष्टीनं ते बाकीच्या पुढाऱ्यांच्या वर गेले. १९४७ उजाडेपर्यंत अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं होतं. राजधानीतली बडी मंडळी त्यांना लातूरचा उपरा समजत राहिली. रझवींचं उत्तर राजधानीत नव्हतंच. ते जिल्ह्या-तालुक्यांत होतं, जिथं त्यांची माणसं लेझीम-लाठीवरून भरमार बंदुकांवर आली होती. मे १९४७ मध्ये दिवाण सर मिर्झा इस्माईल इत्तेहादच्या विरोधामुळे गेले. ऑक्टोबरात छतारी गेले. दर वेळी संस्थानाच्या बाजूचाच माणूस पडला आणि दर वेळी रझवींचं वजन वाढलं. शेताची वाटणी निघाली की भाऊ आधी भावाचा बांध कोरतो, शेजाऱ्याचा नंतर. तसलाच हा प्रकार.

आता तालुक्याच्या पातळीवर येऊ, कारण हे पुस्तक टेंभुर्णीत बसून लिहिलंय. जाफराबाद तालुक्यातलं हे गाव तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये. इथून थोड्याच अंतरावर मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, हद्द संपायची आणि वऱ्हाड सुरू व्हायचा. देऊळगाव राजा, चिखली ही गावं पलीकडची. या पट्ट्यातल्या माणसांना हद्द म्हणजे काय हे नकाशावरून शिकावं लागलं नाही. रझाकारांची टोळी येतेय असं कळलं की बायकापोरं बैलगाडीत घालून रातोरात पलीकडे जायचं, नातेवाइकांच्या पडवीत महिना-दोन महिने काढायचे आणि पेरणीला परतायचं. उलट्या दिशेनंही माणसं येत होती : फाळणीच्या धास्तीनं वऱ्हाड-मध्यप्रांतातली मुसलमान कुटुंबं निजामाच्या हद्दीत आसरा शोधत होती. त्यांच्यातल्या बेकार तरुणांच्या हाती काठी आणि गणवेश देणं इत्तेहादला अवघड नव्हतं.

दिल्ली-हैदराबादच्या कागदपत्रांत हा गावपातळीवरचा रझाकार दिसत नाही. आकडा म्हणून दिसतो, दोन लाखांपर्यंतचा, आणि तो आकडा फुगवण्यात रझवी आणि त्यांचे विरोधक दोघांनाही रस होता. गावात मात्र तो ओळखीचा असायचा. काल जिनिंगच्या आवारात हमाली करणारा, आज लेव्हीच्या धान्यासाठी दारात उभा. फौजदार त्याला खुर्ची देऊ लागला होता. पोलीस पाटील त्याच्याशी नमून वागू लागला होता. तहातलं ‘संघटना विसर्जित करावी’ हे एक कलम त्याच्यापुरतं एवढंच सांगत होतं, की उद्यापासून पुन्हा हमाली. पगारी शिपायाला सरकार बदललं तरी पगार असतो. स्वयंसेवकाकडे दरारा सोडून दुसरी मिळकत नसते. म्हणून राजधानीत बोलणी जितकी पुढे सरकत गेली, तितका जिल्ह्यात दरारा वाढवण्याचा हुरूप वाढला. नांदेड-परभणीकडचा धुमाकूळ बघून खुद्द लायक अलींच्या मंत्रिमंडळातले जे. व्ही. जोशी यांनी राजीनामा दिला. लोह्याला जे पाहिलं ते त्यांनी राजीनाम्यात मांडलं. मंत्रिमंडळ आपल्याच मंत्र्याचं ऐकण्याच्या पलीकडे गेलं होतं.

हेही इथंच सांगून टाकतो, की रझाकार म्हणजे मुसलमान समाज नव्हे. हे वाक्य आता सवयीनं, सभेत हार घालावा तसं उच्चारलं जातं, पण या पुस्तकाच्या विषयात ते फार ठोस आहे. रझाकारांच्या दहशतीचा सगळ्यात नेमका मारा त्यांच्याच समाजातल्या वेगळं बोलणाऱ्यांवर झाला.

जून १९४८ मध्ये दुसरी संधी आली. लॉर्ड माउंटबॅटन जाण्याच्या बेतात होते आणि जाताना हैदराबादचा प्रश्न मिटवावा अशी त्यांची खटपट होती. तयार झालेला मसुदा निजामाला बराच सवलतीचा होता. दिल्लीत सरदार पटेलांना तो फारच सैल वाटला होता. संस्थानाला वीस हजारांचं सैन्य ठेवता आलं असतं. रझाकारांच्या सभा, मिरवणुका, भाषणं ताबडतोब बंद आणि तीन महिन्यांत टप्प्याटप्प्यानं संघटनेचं विसर्जन, असंही त्यात होतं. माझ्या मते सगळा मसुदा या एका कलमावर अडला. बाहेर सांगितलेली कारणं वेगळी होती : आर्थिक स्वायत्तता, कायदे करण्याचा अधिकार, वगैरे. पण ज्या मंत्रिमंडळाची खुर्ची रझाकारांच्या खांद्यावर होती, त्यानं तो खांदा स्वतःहून कसा काढून घ्यावा? निजामानं नकार कळवला. २१ जूनला माउंटबॅटन मायदेशी निघाले.

संस्थानी फौजेचे सेनापती सय्यद अहमद अल इद्रूस या काळात काय करत होते, हा मला फार रस असलेला प्रश्न आहे. शिस्तीत वाढलेला, दोन महायुद्धं पाहिलेला हा सैनिक. त्याच्याच राज्यात एक दुसरी सेना उभी राहत होती, जिला कवायत येत नव्हती पण घोषणा येत होत्या. शस्त्रं कमी होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री-बेरात्री विमानानं चोरटी शस्त्रं आणत होता आणि ती कोणाला मिळावीत यावरून ओढाताण व्हायची. फौजेला हिंदी सैन्यापुढे आपण किती दिवस टिकू हे ठाऊक होतं. रझवी सभांतून दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा करत होते. लढायचं ज्याला होतं तो गप्प होता, आणि ज्याला लढाई कशी असते ते ठाऊक नव्हतं तो बोलत होता.

ऑगस्टात घरातल्या लढाईत रक्त सांडलं. सात मुसलमान सद्गृहस्थांनी मिळून निवेदन काढलं की रझाकार संघटना बरखास्त करा आणि हिंदुस्थानात सामील व्हा. त्यांत बाकर अली मिर्झा होते, मुल्ला अब्दुल बासित होते आणि नांदेड भागात महसूल खात्यात नोकरी केलेले फरीद मिर्झा होते. फरीद मिर्झांनी रझाकारांचे अत्याचार डोळ्यांनी पाहिले होते आणि नोकरीवर पाणी सोडलं होतं. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ती भूमिका उचलून धरली. रझवींनी जाहीर सभेत धमकी दिली की विरोधात उठणारा हात छाटला जाईल. दोनच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या रात्री, कचेरीतून घरी परतणाऱ्या शोएबुल्लांना घराजवळ गाठलं, गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. लिहिता हात. मारेकऱ्यांनी भाषणातलं वाक्य अक्षरशः अमलात आणलं. हिंदी सैन्य सरहद्दीवर जमत असताना इत्तेहादनं सगळ्यात नेमका वार केला तो आपल्याच भाषेत लिहिणाऱ्या एका मुसलमान पत्रकारावर.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १३ सप्टेंबरला फौजा आत शिरल्या, औरंगाबाद पडलं, तिसऱ्या दिवशी जालन्यात एक तुकडी ठेवून बाकीचं दळ लातूरकडे गेलं, १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला शाळाशाळांतून झेंडावंदन होतं. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं हे मात्र झेंड्याखालच्या भाषणात येत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. मरणारे बहुतेक साधे मुसलमान शेतकरी, कारागीर, मजूर होते. ज्यांनी तह मोडला त्यांतले थोडेच त्यांत होते. रझवींना दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली, १९५७ मध्ये ते सुटले आणि पाकिस्तानात गेले. जाण्याआधी त्यांनी संघटनेची सूत्रं अब्दुल वाहिद ओवेसी या वकिलाकडे सोपवली. दहा वर्षांपूर्वी याच जागेसाठी चढाओढ झाली होती.

दुसऱ्या बाजूचंही घर तपासायला हवं, नाहीतर हे पुस्तक एकाच समाजावर बोट ठेवणारं होईल. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसमध्ये स्वामी रामानंद तीर्थांचा गट आणि बूर्गुल रामकृष्णरावांचा मवाळ गट यांचं वैर जुनं. ‘जैसे थे’ करारानं दिल्ली निजामाशी बोलते आहे हे दिसल्यावर ते पुन्हा पेटलं : दिल्ली तह करतेय, मग आपण सरहद्दीवरचे सशस्त्र कॅम्प कशासाठी चालवतोय? स्वामीजी करारानंतर सुटले आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांनी कृती समिती चालवली आणि कॅम्पांतल्या तरुणांना बंदुकीची चटक लागू नये हीही त्यांची एक चिंता होती. कॅम्पवाल्यांनी केलेली ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट आपल्याकडे पराक्रम म्हणून सांगितली जाते. मला तिच्यानंतर पैशांचा हिशेब ठेवला गेला, ही गोष्ट लुटीपेक्षा मोठी वाटते. हिशेब ठेवला म्हणून लढा संपल्यावर कॅम्प मोडता आले. तेलंगणात कम्युनिस्टांच्या दलमांना ते साधलं नाही : सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शननंतर बंदुका खाली ठेवाव्यात असं रावी नारायण रेड्डी म्हणू लागले तर पक्षानं त्यांना शंकेखोर ठरवलं, शेवटी ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागं घेतला, पण तोवर तीन वर्षं आणि कितीतरी माणसं गेली होती.

परदेशातलं उदाहरण एकच घेतो. उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटांनी १३ ऑक्टोबर १९९४ ला शस्त्रसंधी जाहीर केली. दोन वर्षांत त्यांच्यातल्या अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्समधून बिली राइट आणि त्याचे लोक फुटले आणि वेगळी संघटना काढून बसले. जानेवारी १९९८ मध्ये ब्रिटिश मंत्री मो मोलम यांना मेझ तुरुंगात जाऊन कैद्यांचं मन वळवावं लागलं, कारण त्या कैद्यांनी पाठिंबा काढला असता तर बाहेरचे पुढारी टेबलावर बसूच शकले नसते. एप्रिलमध्ये करार झाला आणि २००० च्या उन्हाळ्यात बेलफास्टच्या शँकिल रस्त्यावर हेच गट एकमेकांची घरं पेटवत होते. शत्रूशी तह झाल्यावर गल्ली कोणाची, हा प्रश्न उरलाच होता.

आणि आपल्याच राज्यातलं, अगदी अलीकडचं. मे २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये मारला गेला. त्यानंतर मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या पॉलिट ब्युरोच्या सदस्यानं शस्त्रं खाली ठेवण्याची भाषा करणारं पत्रक काढलं. पक्षातून लगेच प्रतिपत्रक आलं की हे त्याचं व्यक्तिगत मत. मग त्याला गद्दार ठरवलं गेलं आणि पक्षाची शस्त्रं परत करण्याचं फर्मान निघालं. १५ ऑक्टोबरला गडचिरोलीत साठ साथीदारांसह त्यानं मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. वर्तमानपत्रांनी शरणागतीचे फोटो छापले. पण त्याआधीच्या काही आठवड्यांतली ती पत्रकबाजी वाचा. सरकारला उद्देशून तीत फारसं काही नाही. तो सगळा खलिता जंगलातल्या आपल्याच दलमांना लिहिलेला आहे : पक्ष म्हणजे कोण, मी की ते?

पुढच्या प्रकरणांत हैदराबादला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, आणि ती आठवणींच्या पुस्तकांवर बरीच उभी आहेत. मुन्शी, व्ही. पी. मेनन, रामानंद तीर्थ, अनंत भालेराव, सेतुमाधवराव पगडी यांचं लिखाण मराठी वाचकाला थोडंफार परिचयाचं असतं. हरलेल्या बाजूच्या दोन आठवणी मुद्दाम शेजारी ठेवून वाचाव्यात. लायक अली हैदराबादेत नजरकैदेत होते, मार्च १९५० मध्ये पहाऱ्यातून निसटले आणि पाकिस्तानात पोहोचले. त्यांनी संस्थानाच्या शोकांतिकेवर पुस्तक लिहिलं. अल इद्रूस भारतातच राहिले, आणि त्यांच्याही आठवणी छापल्या गेल्या. १९४८ च्या सप्टेंबरात एक पंतप्रधान होता, दुसरा सेनापती. त्यांची पुस्तकं इतिहासाची साधनं म्हणून वाचली जातात आणि तशी ती आहेतही. पण कोणाच्या भरवशावर कोण राहिला, फौज का टिकली नाही आणि रझाकारांना मोकळं रान कोणी दिलं, या जागा आल्या की त्यांना त्या घरातल्या भांडणातल्या जबान्या म्हणून वाचावं. दोघांनीही त्या तशाच लिहिल्या आहेत.

टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना